धानाचा वाटा आणि गुंजनची जागा

गोंदियाकडच्या दवनीवाड्यात सुंदरबाई पटले यांच्याशी वाद घालायचा तर चपला काढून धानाच्या चिखलात, बांधीत उतरावं लागतं. शेताच्या कडेला धुऱ्यावर उभ्या माणसाला त्या उत्तर देत नाहीत. रोवणीच्या दिवसांत मजूर बायांच्या रांगेत त्याही वाकलेल्या असतात. मालकीण छत्री धरून बसली की धानाची रोपं, पऱ्हे, वाकडी लागतात, असं त्यांचं मत. नवरा हिरालाल पटले या मताला हसतात, पण लांबून.

फुलचूरची गुंजन लिल्हारे पहिल्यांदा आली ती धुऱ्यावरच थांबली होती. पाणथळ जागांवरच्या पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत ती नोकरीला होती. संस्थेचं मुख्यालय युरोपात, भारतातलं कार्यालय दिल्लीत. सुंदरबाईंच्या आधी रोवून झालेल्या बांधीत सारसाच्या जोडीनं घरटं बांधलं होतं आणि ते मोडू नका, एवढंच तिला सांगायचं होतं.

“सारस माह्या बांधीत अन् तू रस्त्यावर. कोणासंगं बोलून राहिलीस?” सुंदरबाईंनी मान वर न करता विचारलं.

गुंजननं बूट काढले, गुडघाभर चिखलात उतरली आणि पहिल्याच पावलाला बसली. बायांची रांग हसली. घरट्याभोवतीचं धान त्या वर्षी सुंदरबाईंनी कापलं नाही.

पुढं बऱ्याच बांध्यांत असंच झालं. कामठ्याकडच्या शेतकऱ्यांनीही घरटी राखली. गुंजन चढत चढत वरिष्ठ समन्वयक झाली. त्या जागेचा पगार परदेशातला एक न्यास द्यायचा. २००९ च्या मंदीत न्यासानं हात आखडला. संस्थेनं ठरवलं की वरिष्ठ जागा आता दिल्लीत राहील. तिथं दुसरा दाता मिळण्याजोगा आहे. गोंदियात गुंजननं हवं तर सहायक म्हणून राहावं.

गुंजन हे सांगायला आली तेव्हा मळणी चालू होती.

“दिल्लीत सारस आहेत का वं?” सुंदरबाईंनी विचारलं.

“मावशी, दिल्लीत दाते आहेत.”

“अन् आमी कोण आहोन?”

त्या दिवशी खळ्यावर नाई, लोहार आणि गुराखी आपापला वर्षाचा वाटा न्यायला आले होते. सुंदरबाईंनी पायलीनं त्यांचं धान मोजून दिलं आणि तिथंच आणखी एक ढीग घातला. “हा गुंजनचा. गावाचं काम करते तिले गाव पोसते. याच्यात नवीन काय आहे?”

“संस्था परदेशाची, साहेब दिल्लीचा, अन् पगार हिच्या खळ्यावरून,” हिरालाल म्हणाले. “उद्या त्या साहेबाची हजामतही आपलाच नाई करन.”

“करू द्या. वाटा तर त्याचा चालूच आहे.”

ज्यांच्या बांध्यांत घरटी होती त्या घरांनी धान दिलं. काहींनी मनापासून, काहींनी सुंदरबाई दारात उभ्या होत्या म्हणून. मग सुंदरबाईंनी जे केलं ते दवनीवाड्याबाहेर कुणाला सुचलं नसतं. गुंजनचा पगार दिल्लीहून होतो म्हणून पोती गोंदिया स्टेशनवरून रेल्वे पार्सलनं थेट दिल्लीच्या कार्यालयात पाठवली. तांदूळ करूनही नव्हे, टरफलासकट धान. तांदूळ दारावर आलेल्या भिक्षेकऱ्याला घालतात, हक्काच्या माणसाला धान द्यायचं, ही त्यांच्या घरची रीत होती. विकून पैसे पाठवा, असं सुचवणाऱ्याला त्यांनी परत बोलू दिलं नाही.

दिल्लीत धानाचं काय करायचं, हे कुणालाच कळेना. पोती जिन्याखाली पडली आणि उंदीर आले. गुंजनला फोन आला. गावाला फूस लावून संस्थेवर दबाव आणल्याचा ठपका तिच्यावर होता. आता सहायकाची जागाही धोक्यात होती.

“मावशी, होती तेवढीही जाईल,” ती म्हणाली.

“पाठवलं म्या. मले विचारायले सांग.”

महिनाभरानं दिल्लीचे संचालक खरोखरच आले. उन्हाळ्यात निघणाऱ्या धानाची रोवणी चालू होती. ते धुऱ्यावर उभे राहून हिंदीत म्हणाले, “माताजी, आपकी भावना का हम आदर करते हैं।”

“माताजी देवीले म्हणतात. मी नवसाले पावत नाई. उतरा.”

संचालकांनी पँट दुमडली. ते पडले नाहीत, याची गावात अजून थोडी हळहळ आहे. सुंदरबाई आपल्या हिंदीत बोलू लागल्या, आणि रागाच्या जागी बोली येत गेली.

“धान लिया की नहीं लिया?”

“संस्था अनाज नहीं ले सकती। और पैसा देनेवाला आदमी नहीं चुन सकता। आज आप गुंजन को चुनेंगी, कल कोई कंपनी पैसा देकर अपना आदमी बिठाएगी।”

 हातातली पऱ्ह्याची जुडी सुंदरबाईंनी पाण्यात धुतली. 

“ये बात सही है,” त्या म्हणाल्या. “आदमी तुम चुनो. परीक्षा लो. पण ते परदेशी पैसेवाले जागा दिल्लीत मागतीन तर तुमी दिल्लीत देता. त्यायची अट चालते, आमची काऊन नाई चालत? जागा इथं राहीन. जो बसन तो इथं राहीन अन् खळ्यावर येऊन हिसाब देईन.”

“और अगर हम न मानें?”

“तो धान वापस भेजो. आमच्याकडे वाटा परत केला म्हणजे काम सोडलं. मंग तुमच्या संस्थेच्या नावाच्या निळ्या पाट्या माह्या धुऱ्यावरून काढून न्या. सारस राहतीन, त्यायले आमी पाहून घेऊ. तुमचा माणूस बांधीत पाय ठेवणार नाई.”

संचालक दुमडलेल्या पँटनंच गाडीत बसले. 

पोती परत आली नाहीत. काय निर्णय झाला हे कळायला उन्हाळा लागला. मधल्या काळात सहायकाची जागाही अडवून ठेवल्यानं गुंजन बिनपगारी होती आणि सुंदरबाईंवर चिडलेलीही. अखेर जागा गोंदियात राहिली. निम्मा पगार दिल्लीनं दुसऱ्या दात्याकडून आणला. उरलेला शेतकऱ्यांनी धान बाजारात विकून द्यायचा, धान दिल्लीला पाठवायचं नाही, असं ठरलं. संस्थेच्या मसुद्यात या दुसऱ्या वाट्याला ‘ग्रामस्थांचे सहकार्य’ म्हटलं होतं. सुंदरबाईंनी ते वाचून घेतलं आणि म्हणाल्या, “सहकार्य लग्नात करतात. पगार लिवा.” ते बदललं गेलं. जाहिरात निघाली, मुलाखती झाल्या, आणि बाहेरच्या उमेदवारांना मागं टाकून गुंजन निवडली गेली.

त्या वर्षीच्या मळणीला ती खळ्यावर आली, नाई-लोहारांच्या शेजारी उभी राहिली. सुंदरबाईंनी सगळ्यांचे वाटे मोजले आणि तिच्या ढिगापाशी आल्यावर हात आवरला.

“कामठ्याच्या शकुंतलाबाईच्या बांधीत पाणी भरलं, सारसाचे अंडे वाहून गेले. तवा तू कोठी होतीस?”

“दिल्लीत. बैठकीला बोलावलं होतं.”

“कोणाले सांगून गेलतीस?”

 “कोणालाच नाही. चुकलं. पण मावशी, दोन मालक केलेत तुम्ही मला. दोघांनी एकाच वेळी बोलावलं तर मी अर्धी अर्धी जाऊ का?”

 हिरालाल धानाच्या रचलेल्या पुंजण्याला टेकून मजा बघत होते.

“पुढच्या बारीले दिल्लीले सांग,” सुंदरबाई म्हणाल्या, “की मालकिणीले विचारून येते.”

आणि त्यांनी पायली उचलली.