पाण्यापलीकडची परीक्षा

माझा आवाज मोठा आहे आणि त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. भाताच्या रोवणीच्या दिवसांत मी शेताच्या धुऱ्यावरून हाक मारली की चार बांध्या, म्हणजे चार खाचरं, पलीकडे चिखलात वाकलेल्या बाया कंबर सरळ करून बघायच्या. शाळेत प्रार्थनेला मला पुढे उभं करत, कारण मागे उभी केली तर पुढच्या पोरी आपण गातोय की नाही या विचारात पडत. आई म्हणायची, घरात बहिरं कोणी नाही, जरा हळू बोल. मी तेवढ्यापुरतं हळू बोलायचे.

आमचं गाव सानगडीपासून दोन कोसांवर. दिवाळी झाली की मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरायची आणि मंडईला गावाचं संगीत नाटक व्हायचं. तेव्हा, म्हणजे सत्तरचं दशक सरत आलं होतं, आजूबाजूच्या गावांनी नागपूरहून नट्या आणायला सुरुवात केली होती. आमच्या गावाला त्याची गरज पडली नव्हती, कारण आमच्याकडे माझे वडील होते. माझ्या जन्माआधीपासून गावच्या नाटकातली नायिका तेच. बाकी वर्षभर ते चारचौघांसारखे धान पिकवणारे शेतकरी. कार्तिक जवळ आला की मिशी उतरायची, आणि हा नांगर हाकणारा माणूस असा काही पदर सावरायचा की गावातल्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसत. एकदा नाकाडोंगरीकडचा एक पाहुणा नाटक बघून दुसऱ्या दिवशी सकाळीच चौकशी करत आमच्या दारी आला. कालची मुलगी कोणाची, भाच्यासाठी विचारायचं आहे, म्हणाला. बाबा बैल धूत होते. त्यांनी गंभीरपणे सांगितलं की मुलीचं लग्न झालं आहे, पदरात एक पोरगीही आहे.

ती पोरगी मी. मला गाणं कोणी बसवून शिकवलं नाही. बाबा नांगरामागे, मळणीत, बोडीवर बैलांना पाणी पाजताना नाटकातली पदं म्हणायचे आणि मी शिदोरी घेऊन गेलेली असायचे, किंवा पेंढ्या उचलत असायचे. जे कानावर पडलं ते सगळं घशात उतरलं. त्यांच्या खोडीही उतरल्या. वरच्या सुराला जायच्या आधी ते एक बारीक हुंदका द्यायचे. पुरुषाच्या गळ्याला तेवढं उंच चढायला तो टेकू लागायचा. मला त्याची काही गरज नव्हती, पण पद तसंच असतं अशी माझी समजूत होती, म्हणून मीही द्यायचे.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्याच्या आदल्या मंडईला बाबांचा आवाज बसला. तालमीतच पेटीवाल्याने त्यांच्यासाठी एक पट्टी खाली घेतली होती. नाटकाच्या दिवशी दुसऱ्या अंकात आणखी एक घेतली. तरी शेवटच्या पदाला वरचा सूर आला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वन्स मोअरही दिला. आमच्या गावाने बाबांवर प्रेम केलं ते असं, डोळे मिटून. त्यानंतर वर्षभर कोणी त्या सुराचा विषय काढला नाही. बाबांनीही नाही.

मी काढला. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मनातलं मनात ठेवायची सवय मला नव्हती. पोळ्याच्या आधी एका संध्याकाळी बाबा ओसरीवर नव्या नाटकाची वही घेऊन पद म्हणत बसले होते. गुरुजींनी, म्हणजे सानगडीच्या शाळेतून निवृत्त झालेले आणि गावची नाटकं लिहिणारे-बसवणारे आमचे गुरुजी, त्यांनी या वेळी राजकन्येचं नाटक लिहिलं होतं. बाबा एका ओळीवर तीनदा अडले. चौथ्या वेळी ती ओळ मी चुलीपाशी बसल्या बसल्या म्हटली, पूर्ण, वरपर्यंत. बाबांनी वहीतून मान वर केली.

"बाबा, तुमचा गळा आता वर जात नाही," मी म्हटलं. "राजकन्येचं काम मले करू द्या."

आईने हातातली पळी खाली ठेवली. "या घरातली एक बाई नाटकात जाते, तेवढी बस झाली."

बाबा हसले, पण ते हसू फार टिकलं नाही. बराच वेळ ते वही चाळत राहिले. मग म्हणाले की काम देणारे आपण कोण, ते बोडीवर ठरतं, तुला यायचं असेल तर ये. मला वाटलं होतं रागावतील. रागावले असते तर सोपं गेलं असतं, कारण भांडणात मी कधी हरत नसे.

बोडीवर ठरतं म्हणजे काय ते सांगायला हवं. बोडी म्हणजे आमच्याकडचा छोटा तलाव, धानाला पाणी देण्यासाठी बांधलेला. आमच्या गावात नाटकाची निवड पाण्यापलीकडून व्हायची. परीक्षा देणारा या पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, उभा राहून गायचा आणि तीन परीक्षक समोरच्या पाळीवर बसायचे, पाण्याकडे पाठ करून. गुरुजी, पोलीस पाटील आणि एक म्हातारे भजनी बुवा. पूर्वी कधीतरी एका बड्या घरच्या पोराला तोंड पाहून राजाचं काम दिलं होतं आणि त्याचा आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढे गेला नव्हता. तेव्हापासून हा नियम. साकोलीहून भाड्याचा भोंगा यायचा, पण त्याची बॅटरी पहिल्या अंकातच मान टाकायची, त्यामुळे आवाज पाणी ओलांडून गेला पाहिजे हे खरंच होतं. नाव सांगायचं नाही. नाटक मंडळाचे चिटणीस या बाजूने नुसता नंबर पुकारायचे, पहिला, दुसरा. पलीकडून निकालही नंबरानेच यायचा, आणि तो बदलत नसे.

पोरांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बोडीवर गेलो. पाणी काठोकाठ होतं. डोक्यावरून आणलेली पेटी पळसाच्या सावलीत मांडली होती. माझ्या आधी राजाची, सेनापतीची, विदूषकाची परीक्षा झाली आणि ती मंडळी घरी गेली. बायकांच्या कामांचे नंबर पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. नायिकेसाठी दरवर्षी बाबा एकटेच गायचे, म्हणजे नुसता रिवाज पाळायचा. त्यांच्यामागून नायिकेच्या सखीच्या कामासाठी कोणी तरी हौशी पोरगा गायचा. चिटणिसांनी मला पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि काही न विचारता पेटीवाल्याला खूण केली.

बाबा म्हणाले, "तू पयले गा. माझा गळा आज बसून आहे, थोडा मोकळा होऊ दे."

मी घाबरले नव्हते. आता इतक्या वर्षांनी खोटी नम्रता कशाला दाखवू? मी पेटीवाल्याला काळी पाच, म्हणजे चांगली वरची पट्टी, मागितली. त्याने भुवया वर केल्या आणि सूर दिला. मी पायातल्या चपला काढून ओल्या मातीत उभी राहिले आणि समोरच्या त्या तीन पाठींना गाणं ऐकवलं. आवाज पाण्यावरून सरळ गेला, मला तो जाताना कळत होता. वरच्या सुराच्या आधी तो बारीक हुंदका दिला, सूर लावला आणि मला हवा तेवढा वेळ तिथे थांबले. पाठमोऱ्या भजनी बुवांची मान डोलायला लागली. पद संपलं तेव्हा काम माझं झालं आहे हे मला माहीत होतं.

मग चिटणिसांनी दुसरा पुकारला आणि बाबा गायले. पट्टी तीच राहू द्या, म्हणाले. पेटीवाल्याने खालची सुचवली, ती त्यांनी घेतली नाही. सुरुवात फार सुरेख केली, शब्दांना त्यांच्याइतकं कोणीच सांभाळत नसे. पण वर जाताना आवाज फाटला. ते थांबले नाहीत, फाटलेल्या आवाजातच पद पूर्ण केलं. मी चपला घालायला खाली वाकले आणि उगाच बराच वेळ वाकून राहिले.

पलीकडे थोडी कुजबुज झाली. गुरुजी उठले आणि पाठमोरेच ओरडले, "पहिला नायिका. दुसऱ्याले दम नाही, पण बोल स्वच्छ आहेत. त्याले सखीचं काम द्या."

चिटणिसांनी कागदावर काहीच लिहिलं नाही. आम्ही पाळीवरून वळसा घालून पलीकडे जायला लागलो. ते अंतर फार नाही, पण त्या दिवशी मला लांब वाटलं. आम्ही पोचायच्या आत गुरुजी हात पसरून पुढे आले आणि बाबांना म्हणाले की औंदा कमाल केलीस, गळा दहा वर्षांनी लहान झाला, आणि तो हुंदका, तो तर तुझ्याशिवाय कोणाला जमायचा नाही. भजनी बुवांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. पाटलांनी मला विचारलं की दुसरा गायला तो पोरगा कुठला.

त्या तिघांनी वीस वर्षं एकच आवाज ऐकला होता, आणि पहिला गातो तो तोच, हे त्यांच्या कानांनी आधीच ठरवून टाकलं होतं. मी तोंड उघडणारच होते. पण बाबा आधी बोलले.

"पहिली माझी पोरगी होती, गुरुजी. दुसरा मी."

 गुरुजींचा चेहरा असा उतरला की मला त्यांची कीव आली. मग त्यांना एकदम पुष्कळ गोष्टी सुचल्या. उपवर मुलगी आहे, उद्या लोक काय म्हणतील, स्टेजवर उभं राहणं वेगळं, आणि तुझं काय, तुझा मान आहे, आम्हाला माहीत असतं तर. पाटीलही म्हणाले की आजचं राहू द्या, नेहमीप्रमाणेच करू. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी नुसतं हो म्हटलं असतं तर नायिकेचं काम त्यांच्याकडे राहिलं असतं आणि मला घरी जाऊन पळी धुवावी लागली असती.

बाबा शांतपणे म्हणाले, "पाठ करून आयकलं ते खरं, असं तुमीच सांगता. आता तोंड पाहून बदलवता काय?"

 भजनी बुवा म्हणाले, बरोबर आहे त्याचं. गुरुजींनी पायाने माती उकरली आणि शेवटी होकाराची मान हलवली. मग कसनुसं हसत म्हणाले की सखीचं काम मात्र तू मनावर घेऊ नको, कोणी पोरगा बघू. बाबा म्हणाले की निकाल म्हणजे पूर्ण निकाल, अर्धा कसा घ्यायचा. घरी जाताना मी आनंदाने उड्या मारायचंच बाकी ठेवलं होतं आणि ते वाटेतल्या लोकांपासून लपवायला बाबा मला धानाला लोंब्या कशा धरतील ते सांगत राहिले. म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं. खरं तर ते स्वतःचं काही लपवत होते.

तालमी शाळेच्या व्हरांड्यात सुरू झाल्या, दुपार कलल्यावर. पदांचा प्रश्नच नव्हता, पहिल्या दिवशीच मी ती अशी म्हटली की पेटीवाला खूश होऊन पान खायला विसरला. अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. पहिल्या अंकात राजकन्या रागावलेली असते आणि सखीला दरडावते, समोरून चालती हो, बोलावल्याशिवाय तोंड दाखवू नकोस. सखी खाली मान घालून जाते. सखी म्हणजे बाबा. धोतरावर दुपट्ट्याचा पदर घेऊन, हातात पूजेचं म्हणून एक पितळी ताट धरून ते माझ्यासमोर उभे होते.

मी वाक्य म्हटलं. गुरुजी म्हणाले, मोठ्याने. मी पुन्हा म्हटलं आणि माझा आवाज, चार बांध्या ओलांडणारा माझा आवाज, ताटापर्यंतसुद्धा गेला नाही. तिसऱ्यांदा वाक्यच विसरले. बाकीचे नट भिंतीकडे बघायला लागले. त्या क्षणी मला कळलं की मी कोणाची जागा घेतली आहे. बोडीवर कळायला हवं होतं, पण बोडीवर मी जिंकत होते. मी म्हटलं, गुरुजी, हे वाक्य काढून टाका.

बाबा जवळ आले. ताट खाली न ठेवताच, फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात बोलले.

"पोरी, वीस साल मी या जागेवर उभा राहून सखीले हाकललं. त्या पोरायनं कधी वाईट वाटून घेतलं नाही. तू काहून डरतेस? मोठ्यानं हाकल मले. मागच्या माणसाले आयकू गेलं पायजे."

आणि ते आपल्या जागी जाऊन मान खाली घालून उभे राहिले.

मी डोळे पुसले आणि त्यांना हाकललं. रस्त्यावरून जाणाऱ्या बैलगाडीवाल्याने गाडी थांबवून आत डोकावलं, एवढ्या मोठ्याने. बाबा किंचित दचकले, अगदी सखी दचकेल तसे. "जशी आज्ञा, ताईसाहेब," म्हणाले, पदर सावरला आणि पाठ न दाखवता एकेक पाऊल मागे टाकत व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून गेले.