एकशे तेरानंतरची पानं

मला आमच्या चर्चच्या मंडळीत सगळे काना-मात्रा काका म्हणतात. छापखान्यात अडतीस वर्षं प्रुफं तपासली, त्याचं हे बक्षीस. दुकानाची पाटी असो की लग्नाची पत्रिका, माझा डोळा आधी चुकीवर जातो, आणि तोंडही गप्प बसत नाही. बायको म्हणते, "तुम्ही स्वर्गाच्या दारात पोचलात तरी आत जायच्या आधी दारावरची पाटी तपासाल." म्हणू दे. पण आता जे सांगायचंय ते सांगताना आजही माझे कान तापतात.

निवृत्त झालो तेव्हा पाळकसाहेबांनी चर्चमागच्या खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली. कपाट म्हणजे काय, दोन फळ्या वाकलेल्या, एक दार लाथ मारल्याशिवाय न उघडणारं, आणि आत दोनशे बारा पुस्तकं. आमच्याकडे रात्रीचं जेवण झालं की घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून प्रार्थना करायची आणि एखाद्या चांगल्या पुस्तकातलं एक प्रकरण मोठ्यानं वाचायचं, अशी जुनी पद्धत होती. ती निम्म्या घरांतून गेली होती. मी ती परत आणली, आणि हे मी फुशारकीनं सांगत असे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चच्या सूचनाफळ्यावर माझा कागद लागायचा: 'या महिन्यात घरी काय वाचाल'. मोठ्यांसाठी दोन, मुलांसाठी तीन. खाली माझे शेरे. 'वडिलांनी वाचावं, पण नाटकी आवाज काढू नयेत.' 'चौथ्या पानावरचा लांडगा पाहून रडणाऱ्या मुलांनी पाचव्यापासून सुरू करावं.' लोक हसायचे, पण पुस्तकं न्यायचे. माझी छाती फुगायची.

एक गोष्ट मात्र त्या कागदावर कधी लिहिली नाही. कपाटातलं प्रत्येक पुस्तक मी आधी स्वतः वाचत असे, आणि जे 'घरात चालणार नाही' असं मला वाटे, ते चिकटवून टाकत असे. हो, चिकटवून. मैद्याची पातळ खळ, बारीक ब्रश, आणि वर रात्रभर वजन. छापखान्यात बांधणी करणाऱ्यांच्या शेजारी बसून आयुष्य गेलेलं, हात बसलेला. तीन पानं एकमेकांना चिकटवली की मधल्या चार बाजू गायब. वाचणाऱ्याला वाटावं, पान जरा जाड आहे. एका कादंबरीतलं चुंबन गेलं. एका गोष्टीतला मुलगा खोटं बोलून सुटतो, ते गेलं. एक पाळक रागानं ताट भिरकावतो, तोही गेला. कोणाला विचारलं? कोणालाच नाही. मी म्हणजे कोण, तर सगळ्यांच्या भल्याचं कळणारा!

त्यात एक पुस्तक होतं नावाड्याच्या बायकोचं. तिचा एकुलता एक मुलगा नदीत बुडतो. एकशे तेराव्या पानाच्या शेवटी त्याला मातीत ठेवतात. पुढची चार पानं ती बाई वर्षभर प्रार्थनेला जात नाही, भेटायला आलेल्या पाळकाच्या तोंडावर दार लावते, आणि रिकाम्या नावेत बसून देवाला म्हणते, "तुझा मुलगा तुला तिसऱ्या दिवशी कबरीतून परत मिळाला. माझा कधी देतोस?" मग एकशे अठराव्या पानाची सुरुवात, 'त्या रविवारी ती सगळ्यांबरोबर उभी राहिली आणि गाऊ लागली.' नावेतलं ते वाक्य वाचलं आणि माझा हात थेट खळीच्या वाटीकडे गेला. सांधा इतका बेमालूम जमला की मी स्वतःवरच खूष झालो. पोराला मातीत ठेवलं, आणि त्या रविवारी ती उभी राहिली. शेरा लिहिला, 'दुःखात असलेल्या घरांनी अवश्य वाचावं.' या गोष्टीला चार वर्षं झाली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी टेलरबाई राहते. नवरा बस चालवतो, मोठी मुलगी दहा वर्षांची, आणि एक मुलगा होता सहाचा. तो सारखा आईच्या मशीनखाली बसून डब्यातली बटणं रंगाप्रमाणे लावत बसायचा, म्हणून सगळे त्याला बटणच म्हणायचे. मागच्या वर्षी त्याला ताप आला आणि चार दिवसांत तो गेला. दफनानंतर दोन दिवसांनी मी काखेत तेच पुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "रोज एक प्रकरण वाचा. बरं वाटेल." नवऱ्यानं दोन्ही हातांनी घेतलं. टेलरबाई भिंतीकडे बघत बसली होती.

पुढं ती चर्चमध्ये दिसेनाशी झाली. नवरा आणि मुलगी यायची. आम्ही सगळे म्हणायचो, वेळ लागतो. मीही म्हणायचो, अगदी मान हलवून.

सात महिन्यांनी मी तिच्याकडे पँट न्यायला गेलो. कंबर आत घ्यायला दिली होती. तिनं पँटबरोबर पुस्तकही काढून मशीनवर ठेवलं.

"हे घ्या काका. पुस्तक चांगलंय. खोट माझ्यातच आहे."

"खोट कसली गं?"

"त्या बाईनं पोराला मातीत ठेवलं आणि त्याच रविवारी गायला उभी राहिली. मला सात महिने झाले, तोंडातून आमेन फुटत नाही. मी ओरडते काका. देवावर. मशीन जोरात चालवते आणि ओरडते, म्हणजे शेजारी ऐकू जायला नको." ती सुईत दोरा ओवत होती, तो काही जाईना. "पोरगी म्हणत होती, आई, पानांचे आकडे चुकलेत, एकशे तेरानंतर एकदम एकशे अठरा आलंय. मी तिला रागावले. म्हटलं, ज्यांनी पुस्तक दिलं त्यांनी जन्मभर चुकाच शोधल्यात. त्यांच्या हातून चुकीचं पुस्तक येईल का?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तिथंच सांगायला हवं होतं. एक वाक्य. 'अगं, मी चिकटवलीत ती पानं.' संपलं असतं. आणि मी काय केलं? मी विचारलं, "कंबर दीड इंच घेतलीस ना?" ती हो म्हणाली. मी पँट आणि पुस्तक उचललं आणि घरी आलो.

त्यानंतर तीन आठवडे मी मूग गिळून बसलो. पुस्तक उशीखाली नाही ठेवलं इतकंच, बाकी सगळीकडे लपवलं. स्वतःला सांगत होतो की आता सांगून काय उपयोग, उगाच तिच्या दुःखात भर. अडतीस वर्षं दुसऱ्याच्या चुकीवर लाल पेन्सिल मारणारा मी, स्वतःची चूक आली तर पेन्सिल सापडेना. त्या महिन्याचा कागदही मी लावला फळ्यावर. शेऱ्यांसकट. एवढा निगरगट्ट.

एका संध्याकाळी बायको चर्चमधून आली आणि पिशवी न ठेवताच म्हणाली, "अहो, टेलरबाईनं पाळकसाहेबांना चिठ्ठी दिलीय. मंडळीतून माझं नाव काढा म्हणून. माझ्यासारखीनं इथं राहणं म्हणजे ढोंग आहे, असं लिहिलंय. या रविवारी वाचून दाखवणार आहेत."

मी खुर्चीवर बसलो. आणि मग सगळं बोलून टाकलं. कपाट, खळ, एकशे तेरा, पँट. बायकोनं पिशवी खाली ठेवली. शेवटी म्हणाली, "सोडवा ती पानं. माझ्यासमोर."

किटली ठेवली. वाफेवर पानं धरली, सुरीची पाठ आत घातली, एकही फाटलं नाही. कागद सुरकुतला फक्त. बायकोनं चष्मा लावला आणि चारही पानं वाचली. नावेतल्या त्या वाक्याशी आली तेव्हा तिचं बोट थांबलं.

"हे मी म्हटलं होतं," ती म्हणाली.

मला माहीत होतं. एकतीस वर्षांपूर्वी आमची मुलगी नऊ दिवसांची होऊन गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर बायको दाराच्या उंबऱ्यावर बसून हेच ओरडली होती, जवळपास याच शब्दांत. आणि मी धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला होता. लोक काय म्हणतील. देव काय म्हणेल. त्यानंतर ती परत कधी ओरडली नाही, आणि मला वाटलं, चला, सावरली. चार वर्षांपूर्वी ते वाक्य छापलेलं बघितलं तेव्हा देवाची निंदा वगैरे काही माझ्या मनात नव्हतं. मला ते परत ऐकायचं नव्हतं, एवढंच. हे मी तिला सांगितलं.

तिनं पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "जा. चप्पल घाला आणि जा."

टेलरबाई एका फ्रॉकला हातशिलाई करत होती. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, आणि पुस्तक उघडून तिच्यापुढं धरलं. तिनं वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं. फ्रॉक मांडीवरून घसरून खाली पडला, तिनं उचलला नाही.

"हे छापलेलंच होतं?"

"हो."

"म्हणजे असं म्हणणारी मी एकटी नाही."

"नाही गं. तू एकटी नाहीस."

ती रडेल असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर रडावी असंच वाटत होतं, म्हणजे मला काहीतरी समजुतीचं बोलता आलं असतं. ती रडली नाही. तिनं मान वर केली.

"त्या दिवशी पँट न्यायला आलात. तेव्हा माहीत होतं?"

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त भीत होतो. "हो," मी म्हटलं.

"मी तुमच्यासमोर बसून स्वतःला पापीण म्हणत होते, आणि तुम्ही कंबर विचारलीत?"

मी खाली पडलेला फ्रॉक उचलून मशीनवर ठेवला.

"माझा बटण चार दिवसांत गेला, काका. त्यात कोणाचा हात नव्हता. पण त्याच्यामागं माझ्या हातात एवढंसं जे काही उरलं होतं, ते तुम्ही काढून घेतलंत. माफ करा म्हणाल तर आज मला ते जमणार नाही. उद्याचंही सांगत नाही." तिनं पुस्तक आपल्या मांडीवर घेतलं. "हे इथंच राहू द्या. आज पोरीला वाचून दाखवणार आहे. आता तुम्ही जा."

तिथून मी पाळकसाहेबांकडे गेलो, कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि त्यांनाही सगळं सांगितलं. ते कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाले, "बायबलमधली माणसं देवाशी याहून कितीतरी जास्त भांडली आहेत. ती पानंही चिकटवणार होतात का?" मी विचारलं, चिठ्ठीचं काय? ते म्हणाले, "तिनं परत मागितली नाही. रविवारी ती आली नाही, तर मला वाचावीच लागेल."

रविवारी मी आणि बायको नेहमीच्या तिसऱ्या बाकावर बसलो होतो. फळ्यावर माझा कागद नव्हता. सूचना सुरू झाल्या. रविवारच्या शाळेची वेळ, आजाऱ्यांची नावं. मग पाळकसाहेबांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि चष्मा पुसायला लागले. पुसतच राहिले.

मागचं दार वाजलं. नवरा, मुलगी, आणि त्यांच्यामागं टेलरबाई. शेवटच्या बाकावर टोकाला बसली. पाळकसाहेबांनी चिठ्ठी खिशात टाकली आणि गीताचा क्रमांक सांगितला.

सगळे उभे राहिले. मी मागं वळून पाहिलं. ती उभी राहिली नव्हती. हात मांडीवर, ओठ घट्ट मिटलेले, नजर सरळ समोर. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले होते. नवऱ्यानं तिच्या खांद्याला हात लावला, तिनं नाही म्हणून मान हलवली. गीत सुरू झालं.

तेवढ्यात माझ्या शेजारी बायकोनं आपलं गीतपुस्तक मिटलं. माझ्या पुढून वाट काढत ती बाहेर पडली. मला वाटलं, तिला बरं वाटत नाहीये, मी तिचा हात धरायला गेलो. तिनं माझा हात बाजूला केला. मधल्या वाटेनं ती सगळ्यांसमोरून मागं चालत गेली आणि टेलरबाईच्या शेजारी जाऊन बसली. बायकोनं ओठ मिटून घेतले.

एकतीस वर्षं ती दर रविवारी माझ्या शेजारी उभी राहून गात होती. मी तिसऱ्या बाकावर एकटाच उभा होतो. आवाज फुटत नव्हता, आणि मागं जाऊन त्यांच्या शेजारी बसायचा मला काय अधिकार?