कुलूप लावलेली लाल पेटी

पनवेलच्या आमच्या भागाला स्वतःचं अग्निशमन केंद्र हवं, की तळोज्याहून येणाऱ्या बंबावरच भागवायचं, यावर आमच्या सोसायटीची सभा चांगली तापली होती. मी सभेला भांडायच्या तयारीनेच जातो, त्यामुळे सगळ्यात जास्त मीच बोललो.

ज्यांच्या भातशेतीवर आमची बिल्डिंग उभी आहे ते म्हातारे काका मागे बसले होते. शेवटी म्हणाले, "आमी उन्हाल्यात दारात पानी भरून पिंप ठेवायचो. तुमच्याकं तर मजल्या-मजल्यावर लाल पेटी हाय. ती उघडते तरी का?"

मला राहवेना. सभा सोडून मी वर गेलो. माझ्या दारासमोरच्या पेटीला गंजलेलं कुलूप होतं. काचेतून आतली नळी दिसत होती, पण खाली येऊन विचारलं तर किल्ली कुणाकडे असते ते सेक्रेटरींनाही सांगता येईना. कुलूप लावायचं डोकं कुणाचं, हे शोधायला मी जुन्या सभांची वही काढली.

ठराव सापडला. लोक पेटीत चपला ठेवतात, म्हणून प्रत्येक पेटीला कुलूप लावावं. ठराव मांडणारा म्हणून खाली माझीच सही होती.