नियाची दृष्ट आणि माझी शांतता

आधीच माफी मागतो. लिहिणं हे काही माझं काम नव्हे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं तपासून देणारंही घरात कोणी नाही. पण अमेरिकेतल्या कोलंबस शहरात एका चर्चच्या हॉलमध्ये शांतता राखायची जबाबदारी माझ्यावर होती, आणि त्या दिवशी आगीचा बंब आला. हे कोणीतरी नीट सांगायला हवं. (इतर लोक सांगतात तेव्हा त्यात माझा वाटा फारच मोठा होतो!)

मला तिथे नेलं डेनीसने. ती आमच्या लॅबमधली सीनियर. पहिल्या सेमिस्टरला प्रोफेसरांना शंका विचारायला जायचं धाडस मला होत नव्हतं. दारापर्यंत जायचो आणि चपलांचा ढीग पाहून देवळाच्या पायरीवरूनच परतावं तसा परत यायचो. डेनीसने हे पाहिलं. हसली नाही. एवढंच विचारलं, "घरातला पहिलाच का?"

"हो."

"मीही. शनिवारी ये."

डेनीस आणि तिचे मित्रमैत्रिणी त्या चर्चच्या आसपासच्या गल्ल्यांत वाढलेले. सगळे ब्लॅक, बहुतेक आपापल्या घरातले पहिले ग्रॅज्युएट. कोणी इंजिनिअर, कोणी नर्स, कोणी वकील. पगार सुरू झाल्यावर लांब कुठेतरी मोठं घर घेऊन वस्ती विसरून जाता आली असती. त्याऐवजी दर शनिवारी येऊन ते तिथल्या मुलांना शिकवायचे, कॉलेजच्या मुलाखतींची तयारी करून घ्यायचे. मीही गणित शिकवायचो. म्हणजे मुलं मला बास्केटबॉल समजावून सांगायची आणि मधेमधे गणित व्हायचं.

त्या शनिवारी नियाची मुलाखत होती. निया आमची सगळ्यात हुशार मुलगी. स्कॉलरशिप मिळाली तर कॉलेज, नाहीतर दुकानातली नोकरी, इतकं सरळ होतं. मुलाखत व्हिडिओवर, आणि वायफाय नीट लागायचं ते फक्त किचनशेजारच्या खोलीत. डेनीसने मला त्या दाराबाहेर खुर्ची दिली.

"गणेश, तुझं काम एकच. शांतता."

मी मान डोलावली. आवाजसुद्धा केला नाही!

तेवढ्यात मावशी आली. माझी सख्खी मावशी डब्लिनला राहते, आयर्लंडमधल्या नव्हे, कोलंबसच्या शेजारच्या. माझ्याकडे गाडी नाही, म्हणून ती मला सोडायची, न्यायची आणि मधल्या वेळात पोह्यांचं पातेलं आणायची. सगळे तिला आदराने "मिस मावशी" म्हणायचे. तिलाही ते आवडायचं.

निया निळा ड्रेस घालून आत जात होती. सगळे भोवती जमलेले. "काय दिसतेस गं!" "तूच जिंकणार!" "तुझ्यासारखी हुशार पाहिली नाही!"

मावशीचा चेहरा पडला. "गण्या, एवढी माणसं एका पोरीचं कौतुक करतायत. दृष्ट लागेल तिला!"

"मावशी, इथे नको."

"दोन मिनिटांचं काम. मिरच्या गाडीत आहेत, आत्ताच ग्रोसरी केलीय."

आता तिला थांबवायचं तर आवाज चढवावा लागला असता, आणि माझं काम शांतता राखणं! मी गप्प बसलो.

मावशीने मीठ, मोहरी आणि मिरच्या मुठीत घेऊन निया आत गेली होती म्हणून बंद दारावरूनच ओवाळल्या आणि किचनमध्ये तवा तापत ठेवला. तिथे नियाची आजी, मिस लोरेटा, केक कापत होती. मला वाटलं, ही तरी थांबवेल.

"हे कशासाठी?" तिने विचारलं.

"बॅड आय," मावशी म्हणाली. "पीपल लुकिंग टू मच."

मिस लोरेटाने सुरी खाली ठेवली. "माझी आईसुद्धा मीठ टाकायची. एवढ्याशा मिरच्यांनी काय होणार? आणखी टाक."

त्यांनी पाकीट रिकामं केलं.

पहिला ठसका मला लागला. शांततेचा प्रमुख म्हणून मी तो गिळला. मग वकील खोकला, नर्स खोकली, गणिताचा अख्खा वर्ग खोकला. मी धावत आत गेलो आणि आवाज न करता प्रश्न मिटवायचा म्हणून लालभडक तव्यावर तांब्याभर पाणी ओतलं.

(गणितात मी बरा आहे. विज्ञानाचं विचारू नका.)

वाफेचा जो लोट उठला, त्यासरशी अलार्म बोंबलू लागला. सगळे पार्किंगमध्ये. निया लॅपटॉप कवटाळून बाहेर आली, मुलाखत चालूच! तिला मावशीच्या गाडीच्या उघड्या डिकीत बसवलं, मेथीच्या जुड्या आणि तांदळाच्या पोत्याच्या मधे. डेनीस नेटसाठी स्वतःचा फोन तिच्या डोक्यावर धरून उभी. तेवढ्यात बंब आला.

"काय जळतंय?" फायरमनने विचारलं.

"दृष्ट," मावशी म्हणाली.

"आणि आणखी मिरच्या टाक, असं मी सांगितलं होतं तिला," मिस लोरेटा छाती पुढे काढून म्हणाली.

स्क्रीनवरच्या बाईंनी घाबरून विचारलं, "निया, पुन्हा कधी बोलू या का?"

"नको." नियाने लॅपटॉप वळवला. "कॉलेज झाल्यावर काय करणार, असं तुम्ही विचारलं होतंत ना? हे बघा. हे सगळे शिकून परत आलेत. मीही येणार." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मागे सगळेच रडत होते. फायरमनसुद्धा. मग त्या बाईंनीही चष्मा काढून डोळे पुसले, आणि त्यांच्यापर्यंत तर मिरची पोचणं शक्यच नव्हतं!

डेनीस माझ्याकडे वळली. "तुझं काम काय होतं?"

मी शांत राहिलो. उशिरा का होईना.

मावशी मात्र खुशीत. "सगळ्यांना ठसका लागला ना? मग दृष्ट नव्हतीच पोरीला. काळजी मिटली."

माझी नव्हती मिटली. पुढचे कित्येक आठवडे मी नियाची नजर चुकवत गणित शिकवलं. वाटायचं, स्कॉलरशिप गेली तर माझ्या एका तांब्यामुळे गेली.

परवा मावशीकडे जेवायला गेलो, तर टेबलावर पेढे. "कशाचे गं?"

"नियाचे. स्कॉलरशिप मिळाली, पूर्ण! तुला नाही माहीत?"

निया मावशीला कळवून मोकळी झाली होती. चर्चमध्ये केकही कापून झाला होता. मी तिथूनच डेनीसला फोन लावला. "मला का नाही सांगितलं?"

"शांतता खात्याचा तू प्रमुख," डेनीस म्हणाली. "तुझ्यापर्यंत आवाज पोचू दिला नाही." मग हसू आवरत म्हणाली, "पुढच्या मुलाखतीला नक्की ये. मिस मावशीला किचन दिलंय. खिडक्या उघड्या ठेवून."

"आणि मला?"

"पार्किंग."