तांदळात लिहिलेलं नाव

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी जाफराबादच्या मोठ्या बाईंचं नाव घेतो. मोठ्या बाई म्हणजे माझ्या बहिणीच्या थोरल्या जाऊ. त्यांना अक्षरओळख नव्हती. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो तो त्यांच्यामुळे, हे त्यांना सांगितलं असतं तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या असत्या.

गोष्ट निजामी राज्यातली, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. जुन्या जालन्यात वडील एका दुकानात कापड मोजायला होते. आई मी लहान असतानाच गेलेली, घर आत्या सांभाळायची. आक्काचं लग्न झालं आणि महिन्याभरात दाजी आफ्रिकेला गेले. ते रेल्वेत फिटर होते आणि नैरोबीकडे अशा कारागिरांना काम मिळत होतं. बस्तान बसलं की बोलावतो, असं सांगून ते गेले. आक्का काही दिवस सासरी राहिली, मग वडिलांनी तिला माहेरी आणलं.

मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होतो. पुढं हैदराबादला जाऊन कॉलेज करावं अशी माझी फार इच्छा. वडिलांचा शिक्षणाला विरोध नव्हता. ते एवढंच म्हणायचे, "घरात एक म्हातारी, एक नवरा परमुलखात असलेली लेक. मी दिवसभर दुकानात. तू बी गेल्यावर दारात कोण? आक्का तिच्या घरी गेली की तू मोकळा." आक्काचं जाणं आणि माझं शिकणं असं एकाच गाठीत बांधलेलं होतं.

मग एके दिवशी दाजींनी तिकडून आक्काच्या नावाचा, त्या मुलखात उतरायचा परवाना पाठवला. त्याची मुदत दिवाळीपर्यंतच होती. तिकडचं सरकार आता नवी माणसं फारशी येऊ देत नाही, हा हुकला तर पुन्हा मिळायचा नाही, असं सोबत लिहिलं होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय राहिला नाही.

"तिकडं म्हणं रेल्वेच्या डब्यात सिंह शिरत्यात," आत्या म्हणायची.

"मंग तिकीट काढत असतील," वडील म्हणायचे.

"तुला मस्करी सुचून राह्यली. पोरीला ज्वारीची भाकर तरी भेटंल का तिथं?"

"मक्याची भेटती," चुलीपाशी भाकरी थापता थापता आक्का म्हणायची. "त्यांनी लिव्हलंय."

"त्यांनी लिव्हलंय! बघा, कागदावरच संसार करून राह्यली ही."

पण पासपोर्ट हैदराबादहून मिळायचा, आणि त्याआधी तहसिलीचा दाखला लागायचा, की परवान्यात लिहिलेली बायको ती हीच. आमच्याकडच्या लग्नांना कागद कुठला? आम्ही उर्दूत अर्ज लिहून घेतला आणि तारखेला चौघंही कचेरीत जाऊन बसलो.

चपराशानं दारात येऊन एका बाईचं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. त्यानं पुन्हा पुकारलं. कोण बाई आहे म्हणून मीही इकडंतिकडं पाहिलं. तिसऱ्यांदा पुकारल्यावर वडिलांच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं ऊठ, तूच ती!" आक्का गडबडून उठली, तोवर अर्ज तपासणारे पेशकार साहेब चष्म्यावरून आमच्याकडं बघत होते.

आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. नवरदेव ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितो. दाजींनी परवान्यावर तेच नाव घातलं होतं, आणि ते बरोबरच होतं. पण सासरी आक्काला सगळे 'धाकटी' म्हणायचे. माहेरी मी आक्का म्हणायचो आणि बाकीचे जुन्या नावानं हाक मारायचे. नव्या नावानं तिला कुणी एकदाही हाक मारली नव्हती.

"अपने नाम पे कोई ऐसा बैठता है?" पेशकार म्हणाले. "औरत दूसरी है क्या, भाऊ?"

वडिलांनी घाबरून आक्काचं माहेरचं नाव सांगितलं.

"तो फिर दो औरतां हो गये."

"दोन न्हाई साहेब, एकच," आत्या पुढं सरसावली. "नवरदेवानं समद्यांदेखत तांदळात लिव्हलं की नवं नाव."

"वो चावल किधर है?"

"त्याचा भात झाला, साहेब. खाल्ला बी."

सगळी कचेरी हसली. पेशकारही हसले. माणूस मनानं चांगला होता. पण कागद बाजूला ठेवत म्हणाले, "ऐसे दाखला नहीं दे सकता. ससुराल का कोई आ के बयान दे, कि यही वो औरत है. और बीबी को बोलो, अपने नाम पे उठे. हैदराबाद में भी पुकारेंगे, बंबई में भी. उधर कोई हँसेगा नहीं, सीधा वापस भेजेंगे."

वडील लगेच जाफराबादला दाजींच्या थोरल्या भावाकडं गेले. ते वाईट नव्हते, पण कचेरीचं नाव काढलं की त्यांना धडकी भरायची. "खुरपणी उरकू द्या, मंग बघू," एवढंच ते म्हणाले. वडील पडलेल्या चेहऱ्यानं परतले. मी पुस्तकं कपाटात ठेवून दिली.

आणि आठवड्याभरात मोठ्या बाई स्वतःच आल्या. जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसल्या होत्या. सगळी वाट मळमळलेली. ओसरीवर बसून चूळ भरली आणि म्हणाल्या, "ह्यांची खुरपणी काही उरकत न्हाई. बाईमाणसाचं बयाण चालतं का, तेवढं सांगा."

बयाण चालत होतं. पुढची तारीख पंधरवड्यानं होती, आणि तोवर बाई आमच्याकडंच राहिल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, की या घरात आता आक्काला फक्त नव्या नावानं हाक मारायची.

"मी बी?" मी विचारलं. "मोठ्या बहिणीला नावानं?"

"मंग शिपाई काय आक्का म्हणून हाक मारणार हाय?"

सकाळपासून बाईंचा आवाज घरात घुमायचा. पाणी आण, भाकर वाढ, इकडं ये. प्रत्येक वाक्याआधी ते नाव. आक्कानं "ओ" दिली नाही, तर ती देईपर्यंत हाका. आत्या विसरून जुनं नाव घ्यायची, तर बाई तिलाच रागवायच्या, "आत्याबाई, पोरीला आफ्रिकेला धाडायचं का तुमच्यापाशी ठिवायचं?" शेवटी शेवटी आक्का झोपेतून हाक मारली तरी "ओ" म्हणायला लागली.

तारखेला चपराशानं नाव अर्धंच पुकारलं आणि आक्का ताडकन उभी राहिली. पेशकारांच्या मिशीत हसू आलं. मग ते बयाणाला वळले.

"यही नाम है, तुमको कैसे मालूम?"

"मीच ठिवलं," बाई म्हणाल्या. "दिराला ऐन वक्ताला सुचंना. मीच मागून सांगितलं."

"तुमने ही रखा? तो फिर घर में कोई उस नाम से बुलाता क्यों नहीं?"

 बाई खाली बघत म्हणाल्या, "माझी लेक होती त्या नावाची. देवी आल्त्या, त्यात गेली. नाव घरात ऱ्हावं म्हून सांगितलं, पण मंग माझ्या तोंडून काही निघंना. मी हाक मारंना, म्हून कुणीच मारंना."

पेशकारांनी टाक खाली ठेवला. मला गेला पंधरवडा आठवला. जे नाव त्यांच्या तोंडून निघत नव्हतं, ते त्यांनी आमच्या ओसरीवर सकाळ-संध्याकाळ मोठ्यानं घेतलं होतं, आम्हाला काही कळूही न देता. आक्का त्यांचा हात धरून उभी होती. पेशकार स्वतः कागद घेऊन तहसीलदारांच्या खोलीत गेले आणि शिक्का मारून घेऊन आले.

हैदराबादची कामं त्यानंतर उरकली. दिवाळीच्या आधी वडील आणि मी आक्काला मुंबईच्या बंदरावर पोचवून आलो. त्याच संध्याकाळी धर्मशाळेत बसून मी हे पत्र लिहिलं.

"तीर्थस्वरूप मोठ्या बाईंस साष्टांग नमस्कार.

आक्का आज दुपारी बोटीत बसली. आधी डॉक्टरांनी सगळ्यांचे डोळे तपासले. मग एक गोरा साहेब नावं पुकारू लागला. त्याचा उच्चार आपल्यासारखा नव्हता, मला तर काही समजलं नाही. पण आक्का लगेच उठली आणि इतक्या मोठ्यानं 'ओ' म्हणाली, की साहेबानं दचकून वर पाहिलं. शिक्का मिळाला.

वडिलांना फार भरून आलं. आक्का रडली नाही. शिडी चढण्याआधी मला म्हणाली, 'बाईंना कळीव, तिकडं माझं जुनं नाव कुणालाच ठाऊक न्हाई. जो तो ह्याच नावानं हाक मारंल.'

येत्या जूनमध्ये मी हैदराबादला कॉलेजात जाईन. वडिलांनी बंदरावरून परततानाच परवानगी दिली. जाण्याआधी आपल्या पाया पडायला जाफराबादला येईन. थोरल्या दाजींना नमस्कार. पत्र शाळेच्या मास्तरांकडून वाचून घ्यावं.

आपलं लेकरू."