लिफ्टवाल्यांची बायको लिफ्टमध्ये बसते

लिफ्टवाल्यांनी एकतीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, पण त्यांची बायको एकदाही लिफ्टमध्ये बसली नव्हती. दोरावर लटकायची हौस नाही, असं ती साफ सांगायची. कुणाचं घर पाचव्या मजल्यावर असो की सातव्या, ती दर मजल्याला दम खात जिनाच चढायची. लिफ्टवाले तिला जिनेवाली म्हणायचे आणि चारचौघांत खुशाल हसायचे. आतून मात्र त्यांना ते लागायचं. परकी माणसं आपल्या भरवशावर वर-खाली करतात आणि घरच्याच माणसाचा विश्वास नाही!

निवृत्तीनंतर दोघं पहिल्यांदाच सुट्टीवर निघाली, तीही एका जुन्या शहरात. पहिल्या दिवशी तटबंदीवर चालून चालून जिनेवालीचे गुडघे बोलायला लागले. लिफ्टवाल्यांनी तोवर ते उतरले होते त्या लॉजच्या मालकाला मस्का लावून गच्चीवरची लिफ्टच्या मशीनची खोली बघून घेतली होती. लोक सुट्टीत देखावे बघतात, यांनी लिफ्टचा ब्रेक बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता उरकून निघणार, तेवढ्यात तिला आठवलं की चष्मा खोलीतच राहिला. खोली चौथ्या मजल्यावर. लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची.

"अगं, लिफ्टने जा. मी स्वतः तपासलीय. माझ्या शब्दावर एकदा तरी बस."

तिनं आधी गुडघ्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "बसते बाई एकदाची."

लिफ्ट वर निघाली आणि लिफ्टवाले मिशीत हसले.

आधी टेबलावरच्या कपबश्या वाजल्या. मग खालून घरघर आली आणि पायाखालची फरशीच सरकली. छताचा गिलावा बदाबदा पडला, दिवे गेले. "भूकंप! बाहेर पळा!" मालक ओरडला. माणसं एकमेकांना ढकलत दाराकडे धावली. लिफ्टवाले धडपडत लिफ्टच्या जाळीपाशी गेले.

"अगं ए! ऐकू येतंय का?"

बऱ्याच उंचावरून आवाज आला. "अडकलेय हो, दोन मजल्यांच्या मधे. खाली फट दिसतेय. जाळी सरकवून उतरू का?"

अशा फटीतून उतरताना पाय घसरला, तर माणूस थेट खालच्या खड्ड्यात जातो. नोकरीत त्यांनी ते एकदा पाहिलं होतं आणि नंतर आठवडाभर त्यांना जेवण गेलं नव्हतं.

"अजिबात नाही! मी सांगेपर्यंत जागची हलू नकोस!"

उपाय एकच होता. गच्चीवर जाऊन मेन स्विच बंद करायचा, ब्रेक सोडायचा आणि हातानं चाक फिरवून लिफ्ट मजल्याला लावायची. मालकानं त्यांचा दंड धरला. "काका, वेड लागलंय का? पुन्हा धक्का आला तर? बाहेर चला, सोडवायला माणसं येतील."

"किल्ली द्या," लिफ्टवाले म्हणाले.

सगळे खाली पळत होते आणि हे एकटे वर चढत होते. जिन्याच्या भिंतीला बोटभर रुंद भेग पडली होती. तिसऱ्या मजल्यावर त्यांना खाली पळून जावंसं वाटलं. खरंच वाटलं. क्षणभर ते खाली तोंड करून उभेही राहिले. मग स्वतःलाच एक शिवी हासडली आणि पुढे निघाले.

मशीनच्या खोलीत पोचताच त्यांनी स्विच बंद केला. दोर जिथून खाली जातात त्या भोकाशी तोंड नेऊन ते ओरडले, "मी गच्चीवर आहे! आता हळूहळू खाली येशील!" हे काम खरं दोघांचं, एकानं दांडा दाबून ब्रेक सुटा ठेवायचा आणि दुसऱ्यानं चाक फिरवायचं. त्यांनी एका हातानं ब्रेकचा दांडा दाबला, दुसऱ्यानं चाक धरलं. लिफ्ट मजल्याला लागल्याचं दाखवणारी दोरावरची पांढरी खूण जुळायला वीतभर उरली असतानाच दुसरा धक्का आला.

दांडा हातातून सुटला आणि ब्रेक बसला. खोली गदगदा हलत होती, कोपऱ्यातल्या विटा सुटून पडत होत्या. लिफ्टवाले चाकाला मिठी मारून बसले. संपलं सगळं, असंच त्यांना वाटलं. आपण मेलो तर हिला बाहेर कोण काढणार, एवढं एकच मनात येत होतं. हादरे थांबल्यावर दांडा दोनदा हातातून निसटला. तिसऱ्यांदा तो दाबला गेला. खूण जुळली.

"आता दार उघड! जिन्यानं खाली पळ!"

ती पळाली नाही. ते उतरून आले, तेव्हा तिसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभी होती. दोघं चौकापर्यंत आली आणि मोकळ्यावर, दगडी फरसबंदीवर बसली.

"चुकलं माझं," लिफ्टवाले म्हणाले. "उगाच बसवलं तुला. किती घाबरली असशील आत!"

"अडकले म्हणून नाही हो घाबरले. म्हटलं, तुम्ही खाली आहात, पळाला असाल बाहेर, निदान तुम्ही तरी वाचाल." तिनं त्यांच्या खांद्यावरची विटांची धूळ झटकली. "मग तुमची हाक वरून आली."