झुंबरबाईचा खत डेपो

बायकांना राखीव जागा मिळाल्या त्या साली सोनगीरजवळच्या एका गावात झुंबरबाई ग्रामपंचायतीवर निवडून आली, ती एकच हट्ट घेऊन: माझ्या घरामागचा उकिरडा हलवा. अख्ख्या गावाचा कचरा तिच्या चुलीच्या भिंतीला टेकलेला. जेवायला बसलं की घासाआधी माशी तोंडात.

गायरानात खत डेपो करायचा ठराव झाला. मग तो कागद धुळ्यात या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहिला, माहेरी रमलेल्या सुनेसारखा. अखेर पाहणीला साहेब यायचे ठरले. त्यांची बदली झालेली. आज त्यांनी शेरा मारला नाही, तर नव्या साहेबापुढे पुन्हा पहिल्यापासून.

साहेब म्हणजे पाहुणा, आणि पाहुणा यायचा म्हणजे झाडलोट आलीच. झुंबरबाईने सकाळीच बायका जुंपल्या. उकिरडा गाड्यांत भरून नाल्यापलीकडे टाकला. घरामागची जागा सारवली, वर रांगोळी काढली.

साहेबांनी गायरान पाहिलं, झुंबरबाईकडे शेवभाजी हाणली, मग घरामागे येऊन थबकले.

"कचरा कुठाय?"

"सकाळीच झाडी टाकला ना, साहेब! तुमीन येनार व्हतात!"

"अहो, इथं तर पंगत बसेल! डेपोची गरज आहे असं मी कशाच्या जोरावर लिहू?" साहेब जीपकडे वळले.

झुंबरबाईने पदर खोचला आणि शेजारणीला आणि गाडीवानाला हाक मारली. "मंजुळाक्का, साहेबले च्या पाज! छगनभाऊ, गाडा जुंप! बठ्ठा कचरा परत लई या!"

मग काय, गाड्या शर्यतीसारख्या सुटल्या. बायका टोपल्या घेऊन धावल्या. ढीग कमी पडेल या धास्तीने जो तो घरातलं आणून ओतू लागला: फुटकी मडकी, फाटक्या गोधड्या, पऱ्हाटीच्या काड्या. ताईबाईने तर नवऱ्याची बाजच ओढत आणली.

मागे म्हातारा ओरडत होता, "मी झोपू कोठे?"

"तुमी बी बसा वरच!"

साहेब कपाआड हसू लपवत होते. तेवढ्यात वारा फिरला आणि त्यांचा रुमाल नाकाला गेला.

"बास, बास! निकड पटली!" म्हणत त्यांनी जीपच्या बॉनेटवरच शेरा लिहिला, सही ठोकली आणि जीप पळवली.

झुंबरबाई त्या ढिगावरच फतकल मारून बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

"ऊठ वं, वास मारस!" मंजुळाक्का नाक धरून म्हणाली.

"मारू दे! आते हाऊ मंजूर कचरा शे!"